अर्धवट राहिलेला फोन

६ फेब्रुवारी

वहिनी,

पत्र बघून दचकू नका. घरात सगळे ठणठणीत आहेत. फोन करायचा सोडून हा लिहायला कधीपासून लागला, असं दादा म्हणेलच. त्याला सांगा, रोज सकाळी दहापासून बारापर्यंत रेडिओवर लोकांचे फोन घेऊन घेऊन माझा कान चपटा झालाय. घरी आल्यावर फोन नुसता दिसला तरी नको वाटतं. म्हणून म्हटलं, जरा अक्षर वळवून बघू.

कार्यक्रम जोरात आहे. ‘बोला, मी ऐकतोय’ला या महिन्यात एकोणीस वर्षं झाली. आमचं स्टेशन तुमच्या गावापर्यंत पोचत नाही म्हणून तुम्ही सुटलात. नाहीतर या आठवड्यात तुम्हाला एका बाईंचं हरवलेलं कासव, नळाला येणारं पिवळं पाणी आणि जिन्यात ठेवलेल्या चपलांच्या कपाटावरून दोन शेजाऱ्यांचं भांडण, एवढं सगळं ऐकावं लागलं असतं. कासव सापडलं. कपाट अजून चालू आहे. दोघंही रोज फोन करतात आणि दोघंही मला आपल्या बाजूचा समजतात. ही माझी हुशारीच म्हणायची.

काचेच्या पलीकडे बसून यंत्रं सांभाळायला एक नवीन मुलगी आली आहे. मी तिला बटणवाली म्हणतो. कामाला चोख आहे, मी लांबण लावली की नुसती भुवई उडवते. मालक अधूनमधून म्हणतात, लोकांना आता गाणी हवीत, बडबड कोणाला हवी. पण ते असं सात वर्षं म्हणतायत.

जाता जाता एक विचारायचं होतं. माझा एक मित्र आहे, तुम्ही ओळखत नाही. पाच आठवडे झाले, त्याचा घसा बसलाय. दुखत वगैरे नाही. सकाळी आवाज चिरका निघतो आणि दुपारनंतर निघतच नाही. बिचाऱ्याचं कामच बोलण्याचं आहे. तुम्ही तीस वर्षं नाक-कान-घशाच्या वॉर्डात काढलीत, म्हणून विचारतोय. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या चालू आहेत, वाफही घेतो. आणखी काही घरगुती असेल तर कळवा. घाई नाही. पण लवकर कळवा.

तुमचा दीर

११ फेब्रुवारी

भाऊजी,

पत्र मिळालं. तुमचे दादा म्हणाले, ‘वय झालं की माणूस पत्रं लिहायला लागतो,’ आणि हसून पुन्हा पेपरात शिरले. मला हसू आलं नाही.

दर रविवारी तुमचा फोन येतो. मी ‘हॅलो’ म्हणते आणि मग एकदम ‘ठेवते’ म्हणते, मधलं सगळं तुम्हीच बोलता. गेले पाच रविवार फोन नाही. मला वाटलं, दादांशी काही बिनसलं, मी त्यांना उगाच चार शब्द सुनावले. आणि आता हे पत्र, आणि त्यात पाच आठवडे घसा बसलेला मित्र! असे मित्र मी वॉर्डात ढिगानं बघितलेत. पुरुषांना मूळव्याध झाली तरी ती त्यांच्या मित्रालाच होते.

तर मित्राला सांगा, गुळण्यांनी काही बिघडणार नाही आणि काही व्हायचंही नाही. तीन आठवड्यांच्या वर आवाज बसला तर दुर्बिणीनं घसा बघून घ्यायचा असतो. तुम्ही दोन आठवडे आधीच वाया घालवलेत. हे पत्र वाचून झालं की चप्पल घाला आणि निघा. उद्या नाही, आज.

आणि मित्रानं बायकोला सांगितलंय का? माझी धाकटी जाऊ दिसते तेवढी भोळी नाही. तिला कळलंच असेल, ती फक्त तुम्ही कधी सांगता त्याची वाट बघत असेल.

काय होतं ते लिहा. मित्राचं नको, स्वतःचं लिहा.

वहिनी

१६ फेब्रुवारी

वहिनी,

मित्र मीच. झालं समाधान?

तुमचं पत्र आलं त्याच दुपारी गेलो. डॉक्टर तरुण आहे, माझा कार्यक्रम ऐकणारा निघाला. नाकातून बारीक नळी घालून म्हणाला, ‘सर, ई म्हणा.’ मी ई म्हटलं. मग तो बराच वेळ गप्प. माझ्या धंद्यात गप्प बसण्याचे प्रकार ओळखता येतात, वहिनी. फोनवरचा माणूस गप्प झाला की दोन सेकंदांत कळतं, तो विसरलाय, रडतोय की थाप जुळवतोय. हा यातला कुठलाच प्रकार नव्हता.

स्वरयंत्रावर डाव्या बाजूला गाठ आहे. २३ तारखेला काढणार आणि तपासायला पाठवणार. साधी असावी असं त्याला वाटतं, पण तपासल्याशिवाय तो शब्द देत नाही. नंतर तीन आठवडे तोंडाला कुलूप. आणि आवाज परत कसा येईल, पहिल्यासारखा येईल की नाही, तेही आत्ता कोणी सांगू शकत नाही.

मला भीती वाटते. हे मी तुम्हालाच लिहू शकतो, दादाला लिहिलं तर तो लगेच गाडी पकडून येईल आणि मला धीर देता देता स्वतःच रडत बसेल. वहिनी, मला दुसरं काही येत नाही हो. टाइप दोन बोटांनी करतो, हिशेब कधी जमला नाही. बसमध्ये तिकीट मागितलं की चार माणसं वळून बघतात, ‘अरे, हे तर ते!’ चेहरा कोणी ओळखत नाही. आवाज गेला तर मी त्या बसमधला कोणीतरी जाडा माणूस.

बायकोला सांगितलं. तिला खरंच माहीत होतं. तिनं लगेच दवाखान्याची पिशवी भरायला घेतली. अजून सात दिवस आहेत, पण पिशवी दाराशी येऊन बसली आहे.

मालकांना सांगितलेलं नाही. मी तीन आठवडे गप्प बसलो तर चौथ्या आठवड्यात माझ्या जागी गाणी लागलेली असतील. पण कार्यक्रमाची मी सोय लावली आहे, बटणवालीला विश्वासात घेतलंय. त्याची तुम्ही काळजी करू नका.

तुमचा दीर

२७ फेब्रुवारी

भाऊजी,

लाज कशी वाटत नाही तुम्हाला?

२३ला रात्री जाऊबाईंनी फोन करून सांगितलं, सगळं नीट पार पडलं, आता तीन आठवडे मौन. माझ्या जिवात जरा जीव आला. काल माझ्या मावसबहिणीचा फोन. ती तुमच्याच शहरात असते, तुम्हाला बघून ये म्हणून मीच तिला सांगितलं होतं. तर ती म्हणते, ‘बघायला कशाला जायचं, तुझा दीर खणखणीत आहे. आज सकाळीच ऐकलं. कोणावर तरी ओरडत होते, पुढचा फोन, पुढचा फोन!’

ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी! घशातली जखम ओली असताना! हातात टाके असते तर तुम्ही वजनं उचलली असतीत का? या वेडेपणानं जन्माचा आवाज घालवून बसलेला एक मास्तर मी बघितलाय. तुमच्या त्या मालकाची भीती मोठी की माझी, ते एकदा ठरवा.

जाऊबाईंनाही विचारणार होते, पण म्हटलं, आधी तुम्हाला विचारावं. खरं काय ते लिहा. मला झोप नाही.

वहिनी

१ मार्च

वहिनी,

शिव्या पोचल्या. पण ज्यासाठी दिल्यात ते मी केलं नाही. मी केलं ते त्याहून वाईट आहे.

२३ पासून मी एक अक्षर बोललेलो नाही. रेडिओवर बोलतोय तो मागच्या वर्षांतला मी. सोय लावली म्हणालो होतो ना, ती हीच. जुन्या कार्यक्रमांच्या टेपा ताज्या म्हणून लावायच्या. मालक सहसा दुपारी येतात, त्यांना पत्ता लागणार नव्हता. एकोणीस वर्षं ‘आत्ता, या क्षणी’ असं म्हणणारा माणूस मी, आणि तीन आठवडे लोकांना शिळं खपवायला निघालो.

ऑपरेशनच्या आधी रोज दुपारी टेपा ऐकत बसलो. ज्यात तारीख नाही, बातमी नाही, थंडी-उकाड्याची तक्रार नाही, असेच कार्यक्रम निवडायचे. फार काळजीनं ऐकले. पण काय ऐकलं सांगू? स्वतःला. मी बोलत असलो की ऐकायचं, लोकांचा फोन लागला की टेप पुढे पळवायची. ते काय बोलले ते ऐकण्यात कशाला वेळ घालवायचा?

आमचे एक घड्याळजी होते. चौकात घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, म्हातारपणी बंद केलं. तेव्हापासून अकरा वर्षं रोज दहा वाजून वीस मिनिटांनी त्यांचा फोन, ‘तुमच्या स्टुडिओतलं घड्याळ चाळीस सेकंद मागे आहे.’ बस, एवढंच. मी आभार मानायचो आणि पुढचा फोन घ्यायचो. मागच्या वर्षी ते गेले. मीच कार्यक्रमात सांगितलं होतं. बटणवाली तेव्हा नव्हती, तिला घड्याळजी कोण ते काय माहीत!

२६ला मी घरी पलंगावर पडून स्वतःलाच ऐकत होतो. बायको ऑफिसला गेली होती. दहा वीस झाले आणि रेडिओतून घड्याळजी बोलायला लागले. ‘आज तुमचं घड्याळ अगदी बरोबर आहे, हे सांगायला फोन केला.’ मी म्हणतोय, ‘वा! मग आज तुम्हाला सुट्टी!’ ते म्हणतायत, ‘आणि आमची ही म्हणते की—’ आणि मी ओरडलो, ‘पुढचा फोन!’

मी ताडकन उठलो, स्टेशनला फोन लावला. बटणवालीनं उचलला. आपल्याला बोलायचं नाहीये हे मला तिनं ‘हॅलो’ म्हटल्यावर आठवलं. मी नुसता धापा टाकतोय, रिसीव्हरवर नखं वाजवतोय. ती म्हणाली, ‘शरम नाही वाटत?’ आणि फोन ठेवला. पुन्हा लावला तर तिनं अशा शब्दांत हजेरी घेतली की ही मुलगी मला सर म्हणते यावर विश्वास बसेना.

पायजम्यातच, लिहायची पाटी घेऊन धावत गेलो. पोचेपर्यंत फोनच्या सगळ्या लाइनींचे दिवे पेटले होते. मालक काचेपाशी उभे. ‘मेलेल्या माणसाचा फोन लावलास?’ मी पाटीवर लिहिलं, ‘चूक झाली.’ ते म्हणाले, ‘तोंडानं बोल!’ शेवटी बटणवालीनं सगळं सांगितलं, गाठ, ऑपरेशन, टेपा, सगळं. मालक ऐकून खाली बसले. मग म्हणाले, कार्यक्रम बंद, सध्या गाणी लावा.

पण ते काही नाही. घड्याळजींच्या बायकोचा फोन आला होता. तोही बटणवालीनंच घेतला होता. त्यांनी फक्त विचारलं, ‘हे अजून लाइनवर आहेत का?’

हे कळल्यापासून मला जेवण जात नाही. माफी मागायची तर तोंड बंद. तपासणीचा निकाल यायला अजून दहा दिवस. सांगा, काय करू?

तुमचा दीर

४ मार्च

भाऊजी,

आधी रागावले त्याबद्दल काही म्हणत नाही, कारण आता वेगळ्या कारणासाठी रागावले आहे.

ऑपरेशनचं कळल्यापासून तुमचे दादा गाडी पकडायला निघालेत, मीच अडवून धरलंय. पत्र वाचून ते म्हणाले, ‘त्याला म्हणावं, होतं असं.’ असं होत नाही. त्या बाईंच्या घरात वर्षानं नवऱ्याचा आवाज आला आणि तुम्ही तो मध्येच तोडलात. तुम्ही मुद्दाम केलं नाहीत हे मला ठाऊक आहे, त्यांना कुठे ठाऊक आहे?

म्हणून दोन कामं करा. एक, झालं ते सगळं कागदावर लिहा आणि त्या मुलीला रेडिओवर वाचायला लावा. तुम्ही शेजारी बसा. घरात लपून बसलात तर लोक म्हणतील, आजारपणही खोटंच. मालकांना सांगा, अर्धा तास द्या, मग हवी तेवढी गाणी लावा. दोन, त्या काकूंकडे स्वतः जा. त्यांची माफी रेडिओवर मागायची नाही, त्यांच्या घरी मागायची. पाटी घेऊन जा. कुजबुजायचंसुद्धा नाही, कुजबुजण्यानं घशाला जास्त ताण पडतो.

आता निकालाचं. तुम्हाला वाटत असेल मी त्याबद्दल काही लिहीत नाही म्हणजे काहीतरी लपवते. तसं नाही. मी अशा खूप गाठी बघितल्या, बहुतेक साध्या निघाल्या. सगळ्या नाही. तुम्ही सिगारेट ओढत नाही, तुम्ही एकोणीस वर्षं नुसते ओरडलात, आणि ओरडणाऱ्यांच्या गाठी बहुधा साध्याच असतात. यापेक्षा जास्त मी सांगितलं तर ते खोटं होईल. भीती मलाही वाटते. लग्न होऊन या घरात आले तेव्हा तुम्ही सहावीत होता आणि शाळेतून येताना जिन्यापासूनच ‘वहिनी, आज काय झालं माहितीय का’ सुरू करायचात. तो आवाज जावा असं मला वाटेल का हो?

जेवत जा. जाऊबाईंना त्रास देऊ नका.

वहिनी

८ मार्च

वहिनी,

दोन्ही कामं केली.

मालकांनी अर्धा तास दिला, तोंड वाकडं करून. बटणवालीनं माझं पत्र वाचलं. ‘मी तुमच्याशी खोटं वागलो’ या वाक्याला तिचा आवाज कापला, मग सावरली. मी शेजारी चोरासारखा बसलो होतो. वाचून झालं आणि फोन सुरू झाले. बंद करायचे तर कोण करणार? तिनं आपलं ठरवून टाकलं. म्हणाली, सर इथेच आहेत, ऐकतायत, हो असेल तर पेन्सिल एकदा वाजवतील, नाही असेल तर दोनदा.

वीस मिनिटं लोकांनी मला धुतलं. एक टक. बरोबर आहे. एक टक. खरंच आहे. मग एक आजोबा म्हणाले, ‘मी सहा वर्षं तुम्हाला फोन करतोय, आज पहिल्यांदा माझं वाक्य पूर्ण झालं.’ कपाटवाल्यांपैकी एकजण नऊ मिनिटं बोलला. मला तीनदा तोंड उघडावंसं वाटलं. शेवटी स्वतःच दमला आणि म्हणाला, ‘जाऊ दे, हलवतो मी कपाट.’ वहिनी, इतके दिवस मी त्या कपाटावर डोकं फोडत होतो! अर्धा तास कधी संपला कळलं नाही. मालक बाहेर आले, म्हणाले, ‘उद्या पण या.’ एवढंच म्हणाले.

मग काकूंकडे गेलो. दुसरा मजला, दार उघडंच होतं. भिंतीवर अकरा घड्याळं, सगळी चालू, सगळ्यांची वेळ एक. मी दारातच पाटी धरली, ‘मी रेडिओवाला. मला माफ करा.’ त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाल्या, ‘आत या. तुम्ही बोलायचं नाही ना? बरं झालं.’

पाऊण तास त्या बोलल्या. वहिनी, मला वाटलं होतं शिव्या बसतील. त्यांच्याकडे एकच रेडिओ, फोनच्या शेजारी. आणि फोन करणाऱ्याला आम्ही काय सांगतो? रेडिओ बंद करा, नाहीतर त्याचा आवाज फोनमध्ये शिरून शिटी वाजते. घड्याळजी फोन फिरवायचे आणि काकूंना खूण करायचे. काकू रेडिओ बंद करायच्या. अकरा वर्षं, रोज. म्हणाल्या, ‘सगळं गाव यांना ऐकायचं. मी एकदाही ऐकलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, रेडिओवर हे कसे वाटतात ते. तरुण वाटत होते हो.’

मला रडू आलं. आवाज न करता रडायचं म्हणजे काय असतं ते मला माहीत नव्हतं.

निघताना पाटीवर लिहिलं, ‘ते काय सांगत होते? मी मध्येच तोडलं ते?’ काकू वाचून हसल्या. म्हणाल्या, ‘मला माहितीय. आदल्या रात्री आमचं त्यावरूनच वाजलं होतं. पण तुम्हाला इथे नाही सांगणार. रेडिओवर अर्धवट राहिलंय, तिथेच पूर्ण करीन. तुमचा आवाज आला की कळवा.’

येईल ना हो?

तुमचा दीर

११ मार्च

वहिनी,

तुमच्या उत्तराची वाट न बघता लिहितोय. गाठ साधी निघाली. साधी! डॉक्टरनं कागद माझ्यासमोर धरला आणि बोटानं ओळ दाखवली, कारण मी काही ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हतो. तीनदा वाचली. मग बायकोनं वाचली, आणि दाराशी ठेवलेली ती पिशवी आज पहिल्यांदा रिकामी केली.

आवाजाचं सोळा तारखेनंतर कळेल. पण आता काय निघेल ते निघू दे. चिरका निघाला तरी माझाच.

दादाला सांगा. हळू सांगा.

तुमचा दीर

१४ मार्च

भाऊजी,

जीव भांड्यात पडला. पत्र स्वयंपाकघरात वाचलं आणि तिथेच खुर्चीत बसून रडले, तुमचे दादा ‘काय झालं, काय झालं’ करत पाण्याचा पेला घेऊन आले आणि कागद वाचून तो पेला स्वतःच प्यायले. हळू सांगायला सवडच मिळाली नाही.

आता शहाण्यासारखे राहा. पहिल्या दिवशी पाच मिनिटं, दुसऱ्या दिवशी दहा. गाणं नाही, ओरडणं नाही. आणि भाऊजी, त्या पेन्सिलीचं मला फार आवडलं. आवाज आल्यावरही ती टेबलावर राहू द्या.

काकूंना माझा नमस्कार सांगा. मी त्यांना ओळखत नाही, तरी सांगा.

वहिनी

२५ मार्च

वहिनी,

आवाज आला. सोळा तारखेला डॉक्टर म्हणाला, ‘सर, ई म्हणा.’ ई निघाला. थोडा जाडा, खाली बसलेला, पण निघाला. मी डॉक्टरला मिठीच मारली, तो बिचारा ‘बोला, बोला, पण हळू’ म्हणत राहिला. बसमध्ये परवा तिकीट मागितलं, कोणी वळून बघितलं नाही. अजून ओळखीचा झालेला नाही तो. होईल हळूहळू. मलाच घाई नाही.

कार्यक्रम राहिला. मालक म्हणाले, पेन्सिलीच्या दिवसांत जेवढे फोन आले तेवढे वर्षात कधी आले नव्हते. अट एकच, शिळं असेल तर शिळं म्हणून सांगायचं. मी म्हटलं, ही अट तुम्ही घातली नसतीत तर मी घातली असती.

काल पहिला दिवस. मला पंधरा मिनिटं बोलायची परवानगी, बाकी बटणवाली आणि पेन्सिल. दहा वीसला मी सांगितलं, ‘आता एक जुना फोन ऐकवतो. गेल्या वर्षीचा आहे. हे घड्याळजी आता नाहीत. त्यांचं बोलणं मी मध्येच तोडलं होतं, तेही ऐका.’ आणि टेप लावली. ‘आमची ही म्हणते की—’ ‘पुढचा फोन!’ स्वतःचा तो आवाज ऐकून मला कसंसंच झालं.

टेप संपली आणि तिसरी लाइन पेटली. काकू. मी घेतला आणि शिटी! कानठळ्या बसवणारी, सगळ्या शहरात. बटणवाली दोन्ही हातांनी खुणा करतेय. मी म्हटलं, ‘काकू, तुमचा रेडिओ चालू आहे. जरा बंद करता का?’

‘नाही करणार,’ काकू म्हणाल्या. ‘अकरा वर्षं केला. आज मला ऐकायचंय.’

बटणवालीचा हात फोन तोडायच्या बटणावर होता. मी डोकं हलवून नको म्हटलं. शिटी वर चढतेय, खाली येतेय, पुन्हा चढतेय, आणि तिच्यामधून काकू एकेक शब्द सावकाश सांगतायत, ‘आमची ही म्हणते... की त्या बिचाऱ्याच्या मागे... रोज कशाला लागता... चाळीस सेकंदांनी... कोणाचं काय अडतंय!’ मग थोडं थांबून, ‘एवढंच होतं. झालं.’

मी हसलो, वहिनी. मोठ्यानं, घशाची पर्वा न करता, आणि आवाज फाटला नाही. तिकडे काकूही हसत होत्या आणि त्यांचं हसणं त्यांच्याच रेडिओतून त्यांच्याकडे परत जात होतं, त्यामुळे शिटी आणखी वाढली. त्यांना फोन ठेवायचा नव्हता आणि मलाही नव्हता.

मालक धावत आले. काचेचं दार उघडून ओरडले, ‘कसली शिटी आहे ही? तोडा तो फोन!’

मी म्हटलं, ‘घड्याळजींच्या घरचा आहे. त्या ठेवतील तेव्हा ठेवतील.’

तुमचा दीर